डेट्रॉइटची गार्डियन बिल्डिंग: छत टाइल्सचं की कापडाचं?

वास्तुवेडा: डेट्रॉइट डाउनटाउनमधली ग्रिस्वोल्ड स्ट्रीटवरची गार्डियन बिल्डिंग बघायची आहे, हाताशी जेमतेम तास. लॉबी आणि आतला बँकिंग हॉल, दोन्हींची छतं टाइल्सचीच आहेत का? फोटोंत हॉलचं छत वेगळं दिसतं. आणि मोबाइलवर फोटो नीट येतात का?

विटकरी: बरोबर ओळखलंत. टाइल्स फक्त लॉबीच्या तीन मजली उंच कमानदार छतावर आहेत, सिनसिनाटीच्या रुकवुड पॉटरी कंपनीच्या. हॉलचं छत म्हणजे रंगवलेला कॅनव्हास, आणि त्यामागे घोड्याच्या केसांचा थर. कारण आवाज! १९२९ साली ही इमारत युनियन ट्रस्ट कंपनी या बँकेसाठी बांधली गेली. दगडी भिंतींच्या एवढ्या उंच हॉलमध्ये टाइपरायटर आणि गिऱ्हाइकांची बोलणी घुमत राहिली असती. केसांच्या सच्छिद्र थरात आवाज जिरतो. अशा कॅनव्हासवर जाड तैलरंगाचे हात चढवले की छिद्रं बुजतात आणि सगळी युक्ती फुकट जाते. डागडुजीत नेमकी हीच चूक होते.

नक्षीदार: लॉबी आणि हॉल यांच्यामधली घड्याळ असलेली धातूची जाळी चुकवू नका. बहुतेकांना ती चांदीची किंवा स्टीलची वाटते. ती आहे मोनेल या मिश्रधातूची. साधारण दोन तृतीयांश निकेल, उरलेलं बहुतांश तांबं. पितळेसारखं सतत घासत बसावं लागत नाही. पायऱ्या चढून जाळीपलीकडे गेलात की टोकाच्या भिंतीवर एझरा विंटर यांचं मिशिगनचं भित्तिचित्र आहे. राज्यातले उद्योग त्यात ओळखून काढा. सगळीकडे पायऱ्यापायऱ्यांची नक्षी दिसेल. आर्किटेक्ट वर्ट रोलंड यांचा हा हट्ट मला तरी दागिन्यांच्या पेटीत शिरल्यासारखा वाटतो. 'कॅथेड्रल ऑफ फायनान्स' (पैशांच्या व्यवहाराचं भव्य चर्च) हे इमारतीचं टोपणनाव थोडं गंभीरच आहे.

विटकरी: फोटोंबद्दल: मोबाइलची ०.५ (अतिरुंद) लेन्स वर रोखली की खांब आत झुकतात. फोन उभा, अगदी सरळ धरा आणि खालची जादा फरशी नंतर कापा. झिलईच्या टाइल्सवर फ्लॅशचा पांढरा ठिपका पडतो, म्हणून फ्लॅश बंदच ठेवा. छतासाठी टायमर लावून फोन जमिनीवर पाठीवर ठेवा आणि पुढचा कॅमेरा वापरा. ट्रायपॉड आधी सुरक्षारक्षकाला विचारूनच. शनिवार-रविवारपेक्षा कामाचा दिवस गाठा, आणि आत शिरण्याआधी रस्ता ओलांडून बाहेरची नारिंगी वीट बघा. तो रंग खास याच इमारतीसाठी बनवून घेतला होता.