ट्रेनिंग सोडून टेक्निकल रायटिंगकडे वळू का?

प्रश्न: नमस्कार मंडळी, मी गेली ११ वर्षं नाशिकला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतेय, एमएस-सीआयटीपासून टॅलीपर्यंत सगळं, आता घसा साथ देत नाही आणि घरी यायला रात्रीचे नऊ होतात. पुण्यात टेक्निकल रायटरच्या (सॉफ्टवेअर वगैरे कसं वापरायचं ते लिहून देणाऱ्यांच्या) जागा दिसतात पण मला कोडिंग येत नाही, जमेल का?

प्रतिसाद १: ताई, नक्की जमेल, मीपण ट्रेनिंगमधूनच आलो. पोरं नेमकी कुठे अडतात हे तुम्हाला माहितीये, तीच खरी शिदोरी. माझं पहिलं मॅन्युअल रिव्ह्यूतून लालेलाल होऊन परत आलं, कारण "आता सेव्ह करा" लिहिलं पण बटण कुठे आहे ते लिहिलंच नाही, वर्गात बोटाने दाखवायची सवय ना. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स फुकट आहेत ते करा, मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि थोडं गिट (फाइलींमधले बदल सांभाळणारं टूल) शिका, आणि स्वतः लिहिलेले दोन-तीन नमुने तयार ठेवा, माझ्या इंटरव्ह्यूत सगळं त्यावरच विचारलं.

प्रतिसाद २: नॉलेज मॅनेजमेंटचा, म्हणजे कंपनीतली माहिती नीट लिहून सांभाळायच्या कामाचापण विचार करा. मी सपोर्ट टीमचे लेख सांभाळते, एकाच प्रिंटर एररवर चार लेख सापडले, चारही लेखांत चार तऱ्हा, दोन तर जुन्या व्हर्जनचे. पण सगळ्यात अवघड म्हणजे रिटायर होणाऱ्या माणसाच्या डोक्यातलं लिहून घेणं, त्यांच्या शेजारी आठवडाभर बसावंच लागतं.

प्रश्नकर्ती: खूप आभार दोघांचे! टॅलीत जीएसटीचं बिल कसं करायचं ते आज रात्रीच लिहायला घेते. आधी मराठीत लिहू की डायरेक्ट इंग्रजीत?

प्रतिसाद १: डायरेक्ट इंग्रजीत, छोटी छोटी वाक्यं. झालं की इथे टाका, मी बघून देतो.