मदत हवी आहे: आयएफटी७४ च्या नारिंगी टोकाचं काय करू?

नमस्कार मंडळी. लाखांदूर तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. धानाच्या बांधीतल्या पाण्यात क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय शैवाल सापडलं, मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे दोन कशाभ, म्हणजे पोहायला लागणारे चाबकासारखे धागे, दाखवले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे वाढतात कसे?"

कशाभ असो की सिलिया, वाढ टोकाला होते. त्यासाठी लागणारं ट्युब्युलिन, म्हणजे कशाभाचा सांगाडा बनवणारं प्रथिन, पेशीच्या अंगातून आयएफटीच्या (इंट्राफ्लॅजेलर ट्रान्सपोर्ट, कशाभातली मालवाहतूक) गाड्या वर नेतात. काइनेसिन-२ हे मोटर-प्रथिन त्यांना वर ओढतं, डायनीन-२ खाली आणतं. गाडीचे दोन भाग, आयएफटी-बी ची १६ आणि आयएफटी-ए ची ६ प्रथिनं फळ्यावर लिहिली, पण मुलांना यादी नको होती. गाडीनं माल नेमका कुठं धरलाय, ते त्यांना बघायचं होतं. प्रश्न इतका चांगला आहे की तो अर्धवट शिकवायची माझी इच्छा नाही.

२०१३ च्या संशोधनानुसार आयएफटी-बी मधली दोन प्रथिनं माल धरतात: आयएफटी८१ चं सुरुवातीचं टोक ट्युब्युलिनच्या गोल अंगाला धरतं आणि आयएफटी७४ चं धनभारित टोक बीटा-ट्युब्युलिनच्या ऋणभारित शेपटीला. एकट्या ८१ पेक्षा दोघांची पकड सुमारे १८ पट घट्ट. पण अल्फाफोल्डच्या (प्रथिनांच्या रचनेचा संगणकी अंदाज देणाऱ्या प्रणालीच्या) डेटाबेसमध्ये आयएफटी७४ उघडलं, तर नेमकं तेच टोक नारिंगी, सुताच्या गुंत्यासारखं! मॉडेल चुकलंय, की तो भाग खरंच तसा आहे? शिवाय तिथं ७४ एकटंच दिसतं. ८१ सोबतची जोडी कशी दाखवू? हाताशी एक लॅपटॉप आणि मोबाइलचं नेट आहे.

प्रतिसाद १

ताई, नारिंगी म्हणजे मॉडेलचा त्या भागाबद्दलचा विश्वासांक (१०० पैकी) ५० च्या खाली. असा भाग बहुतेक वेळा मुळातच बिनआकाराचा असतो, आणि ७४ च्या या टोकाचं तसंच आहे. ट्युब्युलिनची शेपटीही तशीच सैल. दोन सैल टोकं विद्युतभारानं एकमेकांना धरतात, म्हणून त्या गुंत्याचा आकार मुलांना 'रचना' म्हणून दाखवू नका. त्यापेक्षा दोन्ही टोकांचे अमिनो आम्लांचे क्रम छापून द्या. धनभारित लायसिन-आर्जिनिन निळ्यानं, ऋणभारित ग्लुटामेट लाल रंगानं रंगवू द्या. पकड कशामुळे आहे ते कागदावरच दिसेल.

जोडीसाठी कोलॅबफोल्ड वापरा, त्यात अल्फाफोल्ड ब्राउझरमध्येच चालवता येतं. दोन क्रमांच्या मध्ये विसर्गचिन्हासारखा कोलन द्यायचा. मानवी ७४ आणि ८१ मिळून १२७६ अमिनो आम्लं होतात, फुकटच्या खात्यावर ते जड जाईल. आधी ८१ चे सुरुवातीचे सव्वाशेक आणि ट्युब्युलिन एवढंच टाकून बघा. पीएई (मांडणीतली अंदाजित चूक) दाखवणाऱ्या चित्रात दोन साखळ्यांमधल्या चौकटीत चूक कमी दिसली, तरच त्यांच्या मांडणीवर भरवसा ठेवा. मॉडेलमधला जास्त विश्वासांकाचा निळा रंग तेवढा पुरेसा नाही, तो प्रत्येक तुकड्यापुरताच बोलतो.

धागाकर्ती

फार आभार, भाऊ. रंगवायचं काम उद्याच देते. मुलांचा पुढचा प्रश्न आताच तयार आहे: टोकाला पोचल्यावर ही पकड सुटते कशी? यावर काही वाचलं असेल तर जरूर सांगा.