मदत हवी आहे: सर्व्हर म्हणतो साडेनऊ हजार, अ‍ॅनालिटिक्स म्हणतं साठ

नमस्कार. आकाशनिरीक्षणावर मी एक छोटी वेबसाइट चालवते. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाचे. होस्टिंगच्या पॅनेलवर रोजचे साडेनऊ हजारांच्या आसपास हिट दिसतात आणि गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये जेमतेम साठ माणसं. खरं काय धरू? लेख कुणी वाचतंय का, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय. पुढचं लिखाण त्यावरच ठरवणार आहे.

काल रात्री अ‍ॅक्सेस लॉग (सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद) उतरवून घेतला आणि वाचत बसले. मृग नक्षत्राचं एक पान उघडलं की लागोपाठ ३४ ओळी पडतात: सीएसएस, फॉन्ट, फोटो, फेविकॉन. म्हणजे माणूस एक, हिट ३४. इथवर उलगडलं. पण डब्ल्यूपी-लॉगिन.पीएचपी या वर्डप्रेसच्या लॉगिन पानासाठी शेकडो ओळी आहेत, सगळ्या ४०४ (म्हणजे पान सापडलं नाही). माझ्याकडे वर्डप्रेस नाहीच! कुणी घुसायला बघतंय का? आणि काही ओळींत २०० (म्हणजे मजकूर नीट पाठवला) ऐवजी ३०४ आहे, त्या धरायच्या की नाही?

प्रतिसाद:
त्या ४०४ला घाबरू नका. बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, सापडेल त्या साइटवर वर्डप्रेसचं लॉगिन शोधत फिरतात. त्यांच्यापैकी कुणाला २०० मिळालेलं दिसलं, तर मात्र काय उघडलं ते लगेच बघा. ३०४ म्हणजे ब्राउझरकडची जुनी प्रत अजून चालण्यासारखी आहे, म्हणून सर्व्हरने मजकूर पुन्हा पाठवला नाही. पानाच्या ओळीवर ३०४ असेल तर तो बहुधा परत आलेला वाचक. जरूर धरा.

साठ हाही पुरा आकडा नव्हे. अ‍ॅनालिटिक्स जावास्क्रिप्टवर चालतं, अ‍ॅडब्लॉकर लावणारे त्यातून सुटतात. लॉगमध्ये ते येतात, पण बॉटही येतात. म्हणून फक्त पानांच्या ओळी ठेवा आणि यूजर एजंट (ब्राउझर किंवा बॉट स्वतःची जी ओळख सांगतो तो मजकूर) बघून बॉट गाळा. तो खोटा लिहिता येतो, तेव्हा स्वतःला गूगलबॉट म्हणवणाऱ्याचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) रिव्हर्स डीएनएसने, म्हणजे पत्त्यावरून सर्व्हरचं नाव शोधून, तपासा. आणि एक आयपी म्हणजे एक माणूस असं समजू नका, मोबाइल नेटवर्कवर कितीतरी जण एकाच आयपीमागे असतात.

मूळ प्रश्नकर्ती:
गाळून पाहिलं. एके ठिकाणी रेफररमध्ये (वाचक कुठून आला त्या नोंदीत) शोधयंत्र, मग मृगाचं पान. अठरा मिनिटांनी त्याच आयपीवरून, त्याच फोनवरून व्याधाचं, मग रोहिणीचं. कुणीतरी खरंच बसून वाचलंय! फार बरं वाटलं. पण परवा सीडीएन (साइटच्या प्रती ठेवून वाचकांना पोचवणारं सर्व्हरचं जाळं) लावलं आणि तेव्हापासून सगळीकडे तेच चार-पाच आयपी दिसताहेत.

प्रतिसाद:
ते सीडीएनच्या सर्व्हरचे. वाचकाचा आयपी एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये (मागणीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत) येतो. अपाचेचं मॉड_रिमोटआयपी (तो आयपी हेडरमधून उचलणारा भाग) चालू करा, पण विश्वास फक्त सीडीएनने जाहीर केलेल्या पत्त्यांवर ठेवा, कारण हा हेडर कुणीही बनावट पाठवू शकतो. फोटो आता बहुतेक सीडीएनच्या कॅशमधूनच (साठवलेल्या प्रतींतूनच) जातील, त्यांच्या ओळी तुमच्या लॉगमध्ये पडणार नाहीत. हिट एकदम घसरले तर वाचक गेले असं समजू नका.