मदत हवी आहे: शहिदांच्या स्मरणाची उपासना मराठीत कशी घ्यावी?

जय ख्रिस्त मंडळी,

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले ते परत आलेच नाहीत. आमच्या घरी बायबलशेजारी त्यांच्या नावाची, ब्रिटिश सरकारनं युद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवलेली काशाची गोल चकती आहे, तळहातापेक्षा थोडी मोठी. आजी ती चिंचेनं घासायची, त्यामुळे अक्षरं झिजलीत. त्यावर हुद्दा नाही, नुसतं नाव. मरणात सगळे सारखे, म्हणून हुद्दा मुद्दामच घातला नव्हता. पण तिकडे मेलेल्या सैनिकांसाठी इराकमध्ये बसऱ्याला जे स्मारक आहे, त्यावर मात्र आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीच्या नावाखाली फक्त किती मेले तो आकडा दिला. हे कळल्यापासून मला चैन नाही.

येत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये स्मरणाची उपासना घ्यायची आहे. दोन मिनिटं स्तब्धता, योहान 15:13 चं (मित्रांसाठी जीव देण्याच्या प्रीतीचं वचन) वाचन, आणि गावातल्या नातेवाइकांनी दिलेली नावं मोठ्यानं वाचायची, एवढं ठरलंय. अडलंय ते प्रार्थनेवर. वडीलधारे म्हणतात, आपण मृतांसाठी प्रार्थना करत नाही. मलाही ते पटतं. मग उपकारस्तुती कोणत्या शब्दांत करावी, की त्यात युद्धाचा गौरव होणार नाही? यादीत हिंदू आणि मुसलमान शिपाईही आहेत. त्यांना वगळणं माझ्या मनाला पटत नाही.

कुणाकडे अशा उपासनेचा मराठी क्रम आहे का? खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत नोव्हेंबरमध्ये कुणी गेलं असेल तर तिथे काय वाचतात तेही सांगा.