पुस्तकांवरचा पैसा कुठे जातो? छापील आणि ई: कोकणातल्या वाचकांचे, विक्रेत्यांचे अनुभव

मे २०११ मध्ये अ‍ॅमेझॉनने जाहीर केलं की त्यांच्याकडे आता छापील पुस्तकांपेक्षा किंडल या त्यांच्या वाचनयंत्रावरची ई-पुस्तकं जास्त खपतात. शंभर छापील प्रतींमागे १०५ ई-पुस्तकं. लगेच छापील पुस्तकाचं तेरावं घालायची घाई सुरू झाली. ही गणती अमेरिकेतल्या दुकानाची होती, हे सांगायचं बऱ्याच जणांच्या राहून गेलं. पुढे तिथल्या मोठ्या प्रकाशकांच्या विक्रीतला ई-पुस्तकांचा वाटा २०१३-१४ नंतर उतरायला लागला आणि छापील सावरलं. मराठी पुस्तकं किंडलवर रीतसर आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. म्हणजे आपण मैदानात उतरलो तेव्हा तिकडचा पहिला डाव आटोपला होता.

म्हणून या धाग्यावर फक्त अनुभव लिहा. काय विकत घेता, कशावर वाचता, विकत असाल तर काय खपतं. नव्या पुस्तकाच्या वासावर कृपया कोणी लिहू नये, ते भरपूर झालंय.

माझ्यापासून सुरुवात करते. मी रत्नागिरीची. आमच्याकडे १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे, त्यामुळे कादंबरी विकत घ्यायची सवय घरात कोणालाच लागली नाही. कोश, पाककृती, झाडापेडांची पुस्तकं छापील घेते, कारण ती पुन्हा पुन्हा उघडावी लागतात. इंग्रजी सगळं ई. मराठी ई-पुस्तक घेते ते छापील प्रत संपलेली असली तरच, आणि नेमकं तेव्हा ते बहुतेक वेळा ई-रूपातही नसतं.

दापोली तालुका, व्यापारी जहाजावर इंजिनियर

जहाजावर सामानाच्या वजनाचा हिशोब असतो, त्यामुळे आमच्या लायनीत ई-पुस्तकाचा प्रश्न कधीच सुटलाय. किंडल भारतात विकायला आलं २०१२ मध्ये, तेव्हापासून वापरतो. जॉइन होण्याआधी घरच्या वायफायवर सगळं उतरवून घ्यायचं, कारण समुद्रात नेट मिळालं तरी ते बायकोला फोन करण्यासाठी असतं. पहिली काही वर्षं मराठीचे हाल होते. स्कॅन केलेली पीडीएफ एवढ्याशा पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायची. एक ओळ संपेपर्यंत आधीची विसरायला व्हायची.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी घरी होतो. घरावरची कौलं गेली, कपाटावर पाणी आलं. वीज यायला आमच्या गावात किती दिवस लागले ते आठवलं तरी घाम फुटतो. फोन जनरेटरवर पैसे देऊन चार्ज करून आणायचे. किंडलसारख्या ई-इंकच्या यंत्राला चार्जिंग फार क्वचित लागतं, त्यामुळे घरात तेवढं एकच यंत्र जिवंत होतं आणि ते बायकोने बळकावलं. त्याआधी तिने त्याला कधी हात लावला नव्हता. आता पुस्तकांची खरेदी तीच करते, माझ्या कार्डावर.

कुडाळ, पुस्तकविक्रेता

लोक विचारतात, ई-पुस्तकांमुळे धंदा बसला का? बसला नाही, पण सरकला. दुकानात कादंबरी आणि कथासंग्रहाचं कपाट आहे त्याची जागा मी दरवर्षी थोडी थोडी कमी करत आलोय. तिथे एमपीएससीची पुस्तकं आली, मग मुलांची चित्रांची पुस्तकं आली. पोथ्या आणि स्तोत्रांची जागा कधी हलली नाही, हलणारही नाही. लग्नामुंजीत, निवृत्तीच्या सत्कारात द्यायला पुस्तकं जातात, त्यात जाड पुठ्ठ्याची आधी. ई-पुस्तक हार घालून देता येत नाही, यावर आमचं बरंच पोट चालतं.

मला खरी टक्कर दोघांची. एक, छापीलच पुस्तक घरपोच आणि सवलतीत देणारे. गिऱ्हाईक येतं, पुस्तक चाळतं, कव्हरचा फोटो काढतं, ‘बघतो’ म्हणून जातं. दुसरी टक्कर फुकट पीडीएफची. विकत घेतलेलं ई-पुस्तक हे माझ्या गिऱ्हाइकाच्या बोलण्यात क्वचित येतं, पण ‘त्याची पीडीएफ आहे माझ्याकडे’ हे रोज ऐकतो. लेखकाला त्यातून दमडी मिळत नाही, पण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते कधी दिसत नाही.

आता ज्यावर सहसा कोणी बोलत नाही ते सांगतो. आमच्यासारख्या दुकानाचा मोठा आधार म्हणजे गावोगावची शासनमान्य ग्रंथालयं. अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे त्यांना अनुदान येतं आणि त्यातला काही भाग पुस्तकखरेदीला लावावा लागतो. अनुदान आलं की बिलं फाटतात, रखडलं की आमची उधारी रखडते. ही सगळी खरेदी छापील. कोकणातल्या एखाद्या वाडीतल्या वाचनालयाने सभासदांना ई-पुस्तक दिलंय असं मी अजून बघितलेलं नाही. त्यामुळे मराठी छापील पुस्तकाचा खप म्हणजे फक्त वाचकाची आवड असं समजू नका. त्यात सरकारी तिजोरीचाही हात आहे.

कराचंही ऐका. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर सुरुवातीला १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये, ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावर तो ५ टक्के झाला. दुसरीकडे २०२२ मध्ये कागद इतका महागला की नव्या आवृत्त्यांच्या किमती बघून मलाच गिऱ्हाइकापुढे अवघडल्यासारखं व्हायचं. दोन्हीकडून चिमटा बसतो.

एक गंमत मात्र खरी. कॉलेजातली काही पोरं किंडलवर वाचून येतात आणि तेच पुस्तक छापील मागतात. आधी वाचलेलं परत विकत घेणारा वाचक आमच्या वडिलांच्या काळात नव्हता.

मालवण, निवृत्त

माझी सत्तरी उलटली. मोतीबिंदूचा ऑपरेशन झाला तरी बारीक अक्षर दिसणा नाय. झिलान मुंबयसून टॅब धाडल्यान. पयलो महिनो तेका हातच लावूक नाय. मगे नातीन अक्षर मोठा करून दाखवल्यान आणि ता माका जमला. आता रोज जेवण झाला काय वाचतंय, डोळो लागासर. पण विकत घेवचा काम झिलाचा. माझ्याकडे कार्ड नाय, ओटीपी म्हटल्यार भीती वाटता. तेच्यामुळे माझ्या नावार एकय ई-पुस्तक खपूक नाय, वाचलंय मात्र खूप. तुमच्या ह्या हिशोबात मी खय बसतलंय?

धागाकर्ती, रत्नागिरी

काका, कुठेच बसत नाही. तुमचा खप मुंबईच्या पत्त्यावर लागतो. कोकणातले निम्मे हिशोब तसेच लागतात म्हणा.

गुहागर, लेखक

माझी दोन पुस्तकं आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंचे पैसे बघितलेत. थोडेच, पण बघितलेत.

पहिलं प्रकाशकाकडे गेलं. मानधन छापील किमतीच्या दहा टक्के ठरलं, हिशोब वर्षाने. दुसरं मी स्वतः किंडलवर टाकलं. तिथे लेखकाला ३५ किंवा ७० टक्के मिळतात. ऐकायला झकास. पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक त्यांच्या सिलेक्ट योजनेत घालावं लागतं, आणि एकदा घातलं की त्या मुदतीत ते ई-रूपात बुकगंगावर किंवा आणखी कुठेही विकता येत नाही. महिन्याची वर्गणी भरून वाचणाऱ्यांकडून पैसे येतात ते वाचलेल्या पानांवर. माझ्या पुस्तकात पहिली दोन प्रकरणं खाडीच्या वर्णनाची आहेत. वाचक कुठे गळत असतील याचा अंदाज मला आता पानांच्या आकड्यावरून येतो. लेखकाने हे कळून घ्यावं का, याबद्दल मी साशंक आहे.

दोन्हीचा ताळा असा: वाचले गेलो किंडलवर जास्त, पैसे मिळाले छापीलवर जास्त. छापील प्रत कार्यक्रमात विकली जाते. शाळेचं स्नेहसंमेलन, देवळाचा वर्धापनदिन, ज्ञातीचा मेळावा. माझ्या बोलण्याला टाळ्या पडल्या की दारातल्या टेबलावर लोक दोन-दोन प्रती घेतात, एक स्वतःला आणि एक मुंबईच्या भावाला. लिंक पाठवली तर ‘छान’ म्हणून अंगठा येतो.

सावंतवाडी, डीटीपी आणि छपाई

धागाकर्तीने वर म्हटलंय की छापील संपलेलं पुस्तक ई-रूपातही नसतं. त्याचं कारण आमच्या संगणकात आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली बहुतेक मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत. कागदावर ती सुरेख दिसतात. ई-पुस्तक करायला घेतलं की मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो, आणि त्यात रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही येतं. म्हणजे सगळं पुस्तक परत तपासायचं. मुद्रितशोधकाचे पैसे कोण देणार? प्रकाशक म्हणतो, ई-प्रती किती खपणार ते आधी सांग. काम तिथेच थांबतं. काही पुस्तकांची तर फाइलच राहिलेली नाही, प्रेस बंद झाली आणि हार्ड डिस्क भंगारात गेली.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्वी ऑफसेटवर हजार प्रतींची आवृत्ती काढल्याशिवाय परवडायचं नाही. मग त्या लेखकाच्या माडीवर पडून राहायच्या. आता डिजिटल छपाईत शंभर प्रती काढा, संपल्या की परत शंभर. दर प्रतीमागे जास्त पडतो, पण पैसा अडकत नाही. आमच्याकडे गावचा इतिहास, कुळवृत्तांत, दशावतारावरची पुस्तिका अशी कामं येतात, जी आधी निघालीच नसती. संगणकाने छापील पुस्तक मारलं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या टेबलावर येऊन बसावं.

अलिबाग

मी दोन्हीतला नाही, मी ऐकतो. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप नोव्हेंबर २०१७ मध्ये मराठीसह भारतात आलं तेव्हापासून. जोवर मुंबई-गोवा महामार्गाचं काम चालू आहे तोवर ऑडिओबुकला मरण नाही.

चिपळूण, बँकेतून निवृत्त

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावरची पुस्तकं गेली. गावातल्या १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं, त्यापुढे माझी चार कपाटं काय. चिखल सुकला की पानं विटेसारखी एकजीव होतात, उलगडत नाहीत. फावड्याने काढली.

नंतर काय परत घेतलं ते सांगते, कारण धाग्याचा प्रश्न तोच आहे. मुलगा म्हणाला, आई, आता सगळं ई घे, बुडायची भीती नाही. यादी करून बसलो तर निम्म्याहून जास्त मराठी पुस्तकं ई-रूपात मिळेनात. जी मिळाली त्यातली हलकीफुलकी घेतली. कविता छापीलच घेतल्या, कारण पडद्यावर अक्षर मोठं केलं की ओळी भलतीकडे तुटतात आणि कवीने सोडलेली जागा नाहीशी होते. बाकीची पुण्यातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून, मैत्रिणींच्या घरातून. आता सगळी वरच्या मजल्यावर. तिथे पाणी येत नाही, पण कसर येते. वेखंड, डांबराच्या गोळ्या, दसऱ्यानंतर ऊन. कोकणात छापील पुस्तकाच्या किमतीत ही मेहनतही धरायला हवी.

रत्नागिरी, सॉफ्टवेअरमध्ये

चिपळूणच्या ताईंच्या मुलाला एक सांगायचंय. ई-पुस्तक पुरात बुडत नाही, पण दुकान बुडालं तर? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांची विकत घेतलेली पुस्तकंही गेली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाही. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती. फेब्रुवारी २०२५ पासून त्यांच्या साइटवरून पुस्तक संगणकावर उतरवून वायरने किंडलवर टाकायची सोयही काढून घेतली. आपण पुस्तक घेत नाही, वाचायचा परवाना घेतो. मी ई-पुस्तकं घेतो, पण परत वाचीन अशी खात्री असली तर छापील.

देवगड तालुका, प्राथमिक शिक्षिका

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, लॉकडाऊनमध्ये त्यांचा फार आधार झाला. ज्यांच्या घरी रेंज होती त्यांना. आमच्या शाळेची पोरं त्यासाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जाऊन बसायची. पण फोन हातात आला की पुस्तक दहा मिनिटं आणि गेम तासभर, त्यामुळे गोष्टींची पुस्तकं मी छापीलच मागवते.

शिक्षकांच्या ग्रुपवर चोरीच्या पीडीएफ फिरतात त्याबद्दल कुडाळच्या दादांशी सहमत. लेखकांच्या संमतीने फुकट ई-पुस्तकं देणारं ई साहित्य प्रतिष्ठान आहे, लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटून गेलेली पुस्तकं तर सगळ्यांना मोकळीच आहेत. एवढं असताना परवाच निघालेल्या कादंबरीची पीडीएफ कशाला मागायची?

एक विचारायचं होतं. पूर्वी पुस्तकं रजिस्टर्ड बुकपोस्टाने स्वस्तात यायची. आता कुरियरचे पैसे पुस्तकाच्या वर जातात. दुसरी काही सोय आहे का?

कुडाळ, पुस्तकविक्रेता

मॅडम, ती बुकपोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा आम्ही सगळेच हडबडलो होतो. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, वर कर. फक्त पुस्तकांसाठी, मासिकं चालत नाहीत, आत जाहिरात चालत नाही, आणि पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं. रस्त्याने जातं, त्यामुळे वेळ लागतो, पण ट्रॅकिंग आहे. खिडकीवर ‘ज्ञान पोस्ट’ असं नाव घेऊन मागा, नाहीतर साधं पार्सल लावतात. शाळेची यादी पाठवा, वजन करून सांगतो. दोन गठ्ठे केले तर सोपं पडेल.