जुन्या बिल्डिंगला समोरून दगड लावायचा का? लावला तर कुठला?

पार्लेकर_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी विलेपार्ले पूर्वेला, तळ अधिक पाच मजले, १९८६ ची बिल्डिंग. रिडेव्हलपमेंटचं घोडं अडलंय ते अडलंयच, म्हणून यंदा मोठं रिपेअरिंग काढलं. आता काँट्रॅक्टरचं म्हणणं असं की दर पाच-सात वर्षांनी परांची बांधून रंग मारत बसण्यापेक्षा समोरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत नॅचरल स्टोन लावून टाका, आयुष्यभराचं काम होईल आणि फ्लॅटचा भावही वाढेल. ऑफिसात चार सॅम्पल ठेवून गेलाय, पिवळा जैसलमेर, राखाडी सँडस्टोन, काळपट-तांबूस पापुद्र्यांची स्लेट, आणि एक अगदी पातळ शीट, खरा दगडच आहे पण कागदासारखी वाकते. ज्येष्ठ मंडळींना पिवळा जाम आवडलाय. भिंत पश्चिमेला तोंड करून आहे, जुलैत पाऊस आडवा मारतो, जुहूचा समुद्र काही फार लांब नाही. लिफ्ट लॉबीलाही काहीतरी करायचंय. पुढच्या रविवारी जनरल बॉडी आहे, त्याच्या आत कुणी अनुभवी माणसाने सांगितलं तर फार उपकार होतील.

सिव्हिल_मुलुंड
सेक्रेटरी साहेब, दगड कुठला हे नंतर बघू, आधी वजन बघा. साधारण दगडाची घनता घनमीटरला २७०० किलोच्या आसपास असते, म्हणजे २० मिमी जाडीचा दगड चौरस मीटरला ५४ किलो, चौरस फुटाला पाच किलो धरा. तुमची समोरची भिंत ४० फूट रुंद आणि ६० फूट उंच असेल तर २४०० चौरस फूट, म्हणजे १२ टन नुसता दगड, मागचा मसाला वेगळा. आणि हे १२ टन कशावर टांगणार? १९८६ च्या गिलाव्यावर! तो गिलावा स्वतःच भिंतीला किती धरून आहे ते आधी बघायला नको का?

जुन्या बिल्डिंगमध्ये होतं काय की पाणी मुरून आतली सळी गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की वरचं काँक्रीट आणि प्लास्टर बाहेर ढकलते. रंगाची भिंत असेल तर तडा दिसतो, तुम्ही वेळेत हाक मारता. वर दगड असेल तर काही म्हणजे काहीच दिसत नाही आणि एक दिवस दगडासकट सगळं खाली येतं. शिवाय पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि एका सरीत गार होते, दगड वेगळा हलतो, मागचा मसाला वेगळा हलतो, सांधा न ठेवता दगडाला दगड भिडवून लावला की ताण जायला जागाच राहत नाही.

३० वर्षांवरच्या बिल्डिंगला महापालिकेच्या कायद्यातल्या ३५३ ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची इंजिनियरकडून तपासणी, लागतंच, तुमचं झालं असेल तर त्याच इंजिनियरला लेखी विचारा की ही भिंत एवढं वजन घेईल का. तो सही करायला तयार नसेल तर काँट्रॅक्टरच्या तोंडी गॅरंटीला काही अर्थ नाही. उंचावर दगड लावायचाच असेल तर ड्राय क्लॅडिंग, म्हणजे स्टीलच्या क्लॅम्पवर एकेक दगड अडकवायचा, मागे हवेला फट ठेवायची, आणि क्लॅम्प आरसीसीत, म्हणजे सळी घातलेल्या काँक्रीटमध्ये जायला पाहिजेत, विटेत नाही. समुद्राच्या हवेत ३१६ ग्रेडचंच स्टेनलेस मागा, ३०४ ला खाऱ्या हवेत डाग पडतात. टेंडरमध्ये आयएस ४१०१ भाग १ चा उल्लेख घाला, बाहेरच्या दगडी फेसिंगसाठीचं भारतीय मानक आहे ते, १९६७ चं आहे पण निदान काम कशाच्या आधारावर मोजायचं ते तरी ठरतं.

स्नेहल_दादर
मी इंजिनियर नाही पण आमच्याकडे घडलेलं सांगते. आमच्या बिल्डिंगला नऊ वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यापर्यंत राखाडी सँडस्टोन चिकटवला होता, दिसायला इतका सुंदर की येणारेजाणारे थांबून बघायचे. तिसऱ्या पावसाळ्यात सांध्यांमधून पांढरे ओघळ यायला लागले, मिस्त्री म्हणाला लोणा लागलाय, सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, ऍसिडने धुऊ. धुतलं, पुढच्या वर्षी परत तेच. मग सहाव्या वर्षी ऑगस्टमध्ये सकाळी सातच्या सुमारास दुसऱ्या मजल्याच्या वरून वीतभर रुंद आणि हातभर लांब असा दगड निखळून खाली पडला, जिथे मुलं स्कूल बसची वाट बघत उभी असतात बरोबर तिथे. त्या दिवशी बस दहा मिनिटं आधी येऊन गेली होती म्हणून कुणाला लागलं नाही. मी तो तुकडा उचलून बघितला, त्याच्या पाठीवर मसाला फक्त पाच ठिकाणी होता, चार कोपरे आणि मध्ये एक, वडा थापतात तसा. बाकी सगळी पोकळी आणि त्यात पाणी साचलेलं. आम्ही सगळा दगड उतरवला, लावायला जेवढा खर्च झाला होता त्याहून जास्त उतरवून परत प्लास्टर करायला गेला.

म्हणून हात जोडून सांगते दादा, जिथे खालून माणसं जातात तिथे डोक्यावर दगड चिकटवू नका. आणि खाली जोत्याला लावताना स्वतः उभे राहा, दगड लावल्या लावल्या एखादा काढून दाखवायला सांगा, पाठ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे.

कातळप्रेमी
दगडाबद्दल लिहितो कारण तो माझा जिवाभावाचा विषय आहे. फोर्टातलं जीपीओ, म्हणजे मुंबईचं मुख्य पोस्ट ऑफिस, एकदा जवळ जाऊन बघा, १९१३ ला पूर्ण झालं. भिंती आपल्या काळ्या बेसॉल्टच्या, कडांना आणि कमानींना कुर्ल्याचा पिवळा दगड आणि ध्रांगध्र्याचा पांढरा. शंभरावर पावसाळे बघितलेत त्या दगडांनी, पण ते घडीव दगड आहेत, जाडजूड, पाथरवटाने घडवलेले, भिंतच त्यांची आहे. वीस मिमीच्या चकतीकडून ती अपेक्षा ठेवू नये.

बेसॉल्ट म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, चांगला घट्ट निवडला तर पाणी फारच कमी पितो. जोत्याला मी डोळे मिटून तोच सांगेन, चिखलपाण्याचे शिंतोडे त्यावर दिसतही नाहीत. जैसलमेर हा चुनखडीचा दगड, राजस्थानच्या कोरड्या हवेत सोन्यासारखा दिसतो पण आपल्याकडे पावसाळ्यात ओला राहिला की शेवाळ धरतो आणि काळपट होतो, वरून कुणी ऍसिडने धुतला तर संपलंच, चुनखडीला ऍसिड खातं. स्लेट म्हणजे शाळेतल्या पाटीचा दगड, पापुद्र्यांचाच बनलेला, त्यामुळे पाणी पापुद्र्यात शिरलं की एकेक पदर सुटतो, आणि त्या तांबूस छटा लोखंडाच्या असतात, काही तुकड्यांतून गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात.

माझ्या शब्दावर जाऊ नका, घरीच बघा. प्रत्येक सॅम्पलवर लिंबू पिळा, फसफसलं किंवा पॉलिशवर डाग पडला तर चुन्याचा दगड. मग कोरडा तुकडा किचनच्या काट्यावर तोला, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून परत तोला. मी केलं होतं तेव्हा बेसॉल्टचा ९०० ग्रॅमचा तुकडा ९०४ झाला आणि सँडस्टोनचा ८०० चा ८२६. फरक तिथेच कळला. सीलर मारायचा तर दगडात मुरणारा, सिलेन-सिलोक्सेनवाला, वरून चकाकणारा लॅकर नको, तो आतली ओल अडवतो आणि दोन वर्षांत साल निघाल्यासारखा सुटतो.

पार्लेकर_सेक्रेटरी
सगळ्यांचे मनापासून आभार. स्नेहलताई, तुमचं वाचून बायको म्हणाली हे प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लाव. लिंबू पिळलं, जैसलमेरवर लगेच बुडबुडे आले. आता ती पातळ शीट राहिली. वजनाला काहीच नाही मग ती तरी वर चालेल का? आणि लॉबीला?

इंटिरिअर_ठाणे
ती शीट स्लेटचाच दीड-दोन मिमीचा पापुद्रा असतो, मागे रेझिन आणि फायबरग्लास. घरातल्या टीव्हीच्या भिंतीला, गोल खांबाला मस्त, कात्रीसारख्या पत्रा-कटरने कापता येते. बाहेर पश्चिमेच्या उन्हात मी लावणार नाही, दगड टिकेल पण मागचं रेझिन आणि चिकटवणं किती टिकेल त्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही. लॉबीत लावायची तर आधी आगीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, कारण आग लागली की लोक त्याच जिन्या-लॉबीतून पळणार आणि रेझिन जळलं की धूर होतो. त्यापेक्षा लॉबीला कंबरेएवढा कोटा किंवा कडप्पा दगड, लेदर फिनिशमध्ये, म्हणजे चकाकी नसलेला, चामड्यासारख्या पोताचा, वर साधा रंग. सायकली, सामानाच्या ट्रॉल्या, कुत्र्याची नखं, सगळं सहन करतो. खडबडीत स्लेट लॉबीत नकोच, पापुद्र्यात धूळ बसते आणि झाडूवाल्या मावशींना रोज त्रास.

पार्लेकर_सेक्रेटरी
अपडेट देतो. ऑडिटवाल्या इंजिनियर साहेबांनी वरच्या मजल्यांना दगड लावायला चक्क नकार दिला, लेखी. कमिटीत थोडी नाराजी झाली पण मी स्नेहलताईंची पोस्ट वाचून दाखवली आणि सगळे गप्प झाले. आता ठरलंय ते असं, जोत्याला तीन फूट काळा बेसॉल्ट, पाठ पूर्ण भरून, सांधे सहा मिमीचे, लॉबीला कोटा, वर नीट प्लास्टर आणि चांगला रंग. काल परांचीवर चढून लाकडी हातोडीने भिंत ठोकत गेलो, चौथ्या मजल्यावर उजव्या खिडकीखाली आवाज एकदम पोकळ, माठासारखा. खडूने गोल केला तर तो दारापेक्षा मोठा निघाला. बरोबर तिथेच काँट्रॅक्टर दगड लावायला निघाला होता. सोमवारी ते सगळं प्लास्टर काढतोय, आतल्या सळ्यांचे फोटो टाकतो.