नळ कधी आटत नाही, झरा आटतो. मग 'तग' नक्की कोण धरतंय?

लातूरची_लेक

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. प्रश्न पाण्याचा आहे, पण जरा मागून सांगते.

मी मूळची लातूरची. गेली अकरा वर्षं केंब्रिजच्या दक्षिणेला राहते, लॅबमध्ये पाळ्या करते. रात्रपाळी सुटली की घरी जायच्या आधी नाइन वेल्सला एक चक्कर होते. नावावरून नऊ विहिरी वाटतील, पण विहीर एकही नाही. बीचच्या राईत पांढऱ्या खडूच्या उतारातून झरे फुटतात. आपण फळ्यावर लिहायचो तसलाच पांढराफटक दगड, आणि त्यावरून पाणी इतकं नितळ की तळातले खडे मोजून घ्यावेत. हात घातला की मे असो की डिसेंबर, गारवा तोच, दहा-अकरा अंश. हेच पाणी 1610 च्या सुमारास खणलेल्या हॉब्सनच्या पाटाने गावात आणलं. ट्रंपिंग्टन स्ट्रीटच्या कडेच्या दगडी पन्हाळीतून ते अजून खेळतं. आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा बाबा त्या पन्हाळीशी उकिडवे बसले. "हे असंच सोडून दिलंय? कुणी भरत नाही?" लोक बघत होते, मला लाज वाटली. आता वाटते ती त्या लाजेची.

कारण 2016. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आई फोनवर सांगत होती की भांडी घासलेलं पाणी संडासाला, कपड्यांचं फरशीला. आणि मी इकडे नळ सोडून दात घासत होते. ऐकता ऐकता बंद केला.

गंमत म्हणजे लातूरला केंब्रिजपेक्षा पाऊस जास्त पडतो! इथे वर्षाकाठी साडेपाचशे-पावणेसहाशे मिलिमीटर, संपलं. तरी अकरा वर्षांत माझा नळ एक दिवस गेलेला नाही.

पण झरे गेलेत. 1976 च्या दुष्काळात नाइन वेल्स कोरडं पडलं. तिथे हिमयुगापासून त्या गार पाण्याच्या आधाराने टिकलेला एक चपटा किडा होता, नखाएवढाही नसेल. पाऊस परत आला, पाणी परत आलं, किडा नाही आला.

आता प्रश्न. बिलाबरोबर पत्रक आलं, त्यात 'रेझिलियन्स' हा शब्द सात वेळा आहे (मोजला). आपल्याकडे याला 'तग धरणं' म्हणतात. पण तग धरतंय कोण, नळ की झरा? आणि बिल वाढतंय ते यातल्या कुणासाठी? गावच्या सभेत पाण्याच्या आराखड्यावर चर्चा आहे, माणशी एकच प्रश्न विचारता येतो. काय विचारू?

पंपवाला_रेडिंग

ताई, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. मी याच धंद्यात आहे, पाण्याचे हिशेब करतो (कुणासाठी ते विचारू नका).

केंब्रिजचं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं खडूच्या थरातल्या बोअरमधून येतं. जे आज ना उद्या झऱ्यातून बाहेर पडलं असतं, तेच आधी उपसायचं. हंडा एक, तोंडं दोन. त्यामुळे "नळाला पाणी कमी पडलं नाही" या वाक्याचा उरलेला अर्धा भाग ओढ्यात जाऊन बघावा लागतो.

नियोजनात रेझिलियन्सचं माप असं आहे: 500 वर्षांतून एकदा येईल असा दुष्काळ पडला तरी रस्त्यारस्त्यावर सार्वजनिक नळ लावून बादल्या भरायची वेळ येऊ नये. हे 2040 पर्यंत गाठायचं आहे. 1976 ला तशी वेळ आली होती. बघा, माप पूर्णपणे नळाचं आहे.

झऱ्याचा हिशेब वेगळ्या वहीत, उपशाच्या परवान्यांत. 1963 च्या कायद्यानंतर वाटलेले कित्येक परवाने बेमुदत होते. 1 जानेवारी 2028 पासून एन्व्हायर्न्मेंट एजन्सीला (पर्यावरण सांभाळणारी सरकारी संस्था) पर्यावरणाची हानी करणारा बेमुदत परवाना भरपाई न देता कमी किंवा रद्द करता येणार आहे. सध्याची पळापळ मुख्यतः त्यापायी. केंब्रिजच्या मोठ्या गृहप्रकल्पांना एजन्सीने हरकत घेतली तीही पाण्यावरूनच. म्हणून आता ग्रॅफमच्या तलावातून पाणी आणायचं, आणि चॅटरिसजवळ फेन्स जलाशय बांधून 2036 च्या सुमारास चालू करायचा. इंग्लंडात याआधीचा मोठा जलाशय डर्बीशायरमधला कार्सिंग्टन, 1992 चा. मधली तीस वर्षं माणसं वाढली, घरं वाढली, तळं एक नाही.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. दुष्काळात कंपनी 'ड्रॉट परमिट' मागू शकते, म्हणजे परवान्यापेक्षा जास्त उपसा करायची मुभा. नदीच्या अंगात त्राण नसतं नेमकं तेव्हा.

चिकट_पुणेकर

बिलाचं मी सांगतो, कारण मी ते दर महिन्याला वाचतो आणि चिडतो.

1989 ला इंग्लंड-वेल्समध्ये पाणी खाजगी झालं. डिसेंबर 2024 मध्ये पाणी कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, म्हणजे ऑफवॉटने, 2025 ते 2030 साठी 104 अब्ज पौंडांच्या खर्चाला मंजुरी दिली. सरासरी बिल पाच वर्षांत 157 पौंडांनी, म्हणजे 36 टक्क्यांनी वाढणार, महागाई वेगळी. आणि ज्याने मंजुरी दिली ते ऑफवॉटच आता मोडीत काढायचं ठरलंय, पाणीव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या कनलिफ आयोगाच्या जुलै 2025 च्या अहवालानंतर. तोवर पाइपातून जाणाऱ्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा गळतोच आहे. गळती निम्म्यावर आणायची मुदत 2050. तेव्हा मी 81 वर्षांचा असेन.

बाकी ज्याच्या नावाचा पाट तो हॉब्सन घोडी भाड्याने द्यायचा. दाराजवळचं घोडं घ्या, नाहीतर चालत जा. घरगुती गिऱ्हाइकाला पाण्याची कंपनी आजही तशीच मिळते.

लातूरची_लेक

@चिकट_पुणेकर, 😄 पण एक शंका. गळलेलं पाणी शेवटी जमिनीतच मुरतं ना? म्हणजे झऱ्यालाच मिळालं की!

पंपवाला_रेडिंग

थोडं मुरतं. पण बोअर इथे आणि गळती पाच मैलांवर डांबराखाली, मधल्या ओढ्याला त्याचा काय उपयोग? शिवाय ते पाणी वीज जाळून वर काढलेलं, शुद्ध केलेलं असतं. दूध तापवून मोरीत ओतण्यातला प्रकार.

मुरूम_आणि_कातळ

मी निवृत्त भूवैज्ञानिक, आयुष्य मराठवाड्यातल्या विहिरींत डोकावण्यात गेलं. मुलाकडे हर्टफर्डशायरला येतो तेव्हा तिथले ओढे बघतो. जगात खडूतले ओढे दोनशेच्या वर, आणि त्यातले 85 टक्के एकट्या इंग्लंडात.

बाई, तुमच्या लातूरचा कातळ आणि केंब्रिजचा खडू यांत एक साम्य आहे. खडूत पाणी पुष्कळ असतं, आकारमानाच्या तिसरा हिस्सासुद्धा. पण छिद्रं इतकी बारीक की ते सुटत नाही. ओली खडूची कांडी पिळून बघा, थेंब पडतो का? हाती लागतं ते भेगांमधलं. आमच्या काळ्या दगडातही विहिरीला पाणी देते ती भेगच.

फरक मुरण्याच्या वेळेत. आपल्याकडे पावसाळ्यात मुरतं. तिथे उन्हाळ्यातला पाऊस झाडं आणि ऊनच पिऊन टाकतात. खरं पुनर्भरण ऑक्टोबर ते मार्च. म्हणून "रोज तर भुरभुर चालू असते, दुष्काळ कसला" हे म्हणणं फोल. आणि कोरडा हिवाळा गेला तर ते झऱ्याला कित्येक महिन्यांनी कळतं, उन्हाळ्यात, जेव्हा लोकांनी लॉनवर पाइप सोडलेले असतात.

यॉर्कशायरची_मावशी

आमच्याकडे 11 जुलै 2025 पासून पाइपबंदी (बागेत पाइपने पाणी घालायला मनाई) लागली होती. 2025 चा वसंत इंग्लंडात 1893 नंतरचा सर्वांत कोरडा. मी तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालायचे. शेजारीण म्हणाली, व्हॉट अ क्लेव्हर आयडिया. मी काही बोलले नाही.

लातूरची_लेक

सगळ्यांचे आभार. मावशी, तुम्ही बोलायला हवं होतंत!

@मुरूम_आणि_कातळ, काका, तुमचं वाचून आज सकाळी मुद्दाम गेले. पाणी होतं, पण काठावरच्या खडूवर चार बोटं उंचीपर्यंत ओलीची जुनी रेघ होती. लातूरला हौदाची अशीच रेघ बघून बाबा सांगायचे, किती दिवस पुरेल.

प्रश्न ठरवलाय. बिलाचा नाही विचारणार, तो विचारणारे पन्नास असतील. मी विचारणार: 500 वर्षांतल्या त्या दुष्काळात माझ्या नळाला पाणी असेल हे कळलं, त्या दिवशी नाइन वेल्सला किती असेल? आकडा लिटरमध्ये हवा.

पंपवाला दादा, काही चुकत असेल तर गुरुवारच्या आत सांगा. पाळी बदलून घेतलीय.

पंपवाला_रेडिंग

चुकत नाहीये. फक्त लिटर "दर सेकंदाला" म्हणा, नाहीतर वर्षाची सरासरी ऐकवतील.